दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा

पाडव्याच्या सकाळी छताचा एक पोपडा थेट चिवड्याच्या परातीत पडला आणि आम्ही पाचही जणांनी तो न पाहिल्यासारखं केलं. थोड्या वेळाने अक्कांनी तो दोन बोटांनी उचलून खिडकीबाहेर टाकला आणि हाताने चिवडा सारखा केला.

"खोबऱ्याचा काप होता," माझा नवरा श्रीधर म्हणाला.

"हो, मामंजींच्या वेळचा," मालिनीवहिनी म्हणाल्या.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची, मिरजेच्या आमच्या घरातली गोष्ट. माझे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी दवाखान्यांच्या भागात एक दुमजली घर बांधलं आणि दोन खोल्या स्वतःला ठेवून बाकीच्या भाड्याने दिल्या. मिरजेत भाडेकरूंना तोटा नव्हता. नर्सिंग शिकणाऱ्या मुली असत, रुग्णांचे नातेवाईक असत, आणि वरच्या मोठ्या खोलीत सतारी बनवणारे दस्तगीरभाई आपले भोपळे ठेवत. अण्णा गेले तेव्हा घर तिन्ही मुलांच्या नावावर झालं. सगळ्यांत मोठ्या अक्का. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आईवडिलांचं सगळं त्यांनीच केलं होतं, आणि आता त्या खालच्या दोन खोल्यांत राहून भाड्याच्या आपल्या तिसऱ्या हिश्श्यावर जगत होत्या. मधले भाऊ, म्हणजे माझे थोरले दीर, पुण्यात सरकारी लेखापरीक्षणात होते. मालिनीवहिनी त्यांच्या पत्नी. धाकटा श्रीधर. आम्ही सांगलीत राहायचो. मी तिथे मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत होते.

अण्णांचा एक दंडक होता. भाड्यातला पैसा मागे ठेवायचा नाही, पाडव्याला वाटून टाकायचा. विहिरीच्या सामाईक पैशावरून त्यांचं स्वतःच्या भावांशी जन्माचं वाकडं आलं होतं. मागे राहिलेल्या पैशावरून भावंडं भांडतात, असं ते म्हणत. त्यामुळे अक्का दर महिन्याला भावांचे हिस्से दोन वेगळ्या पाकिटांत टाकत आणि पाडव्याला, फराळाच्या आधी, ती जाडजूड पाकिटं दोघांच्या हातात ठेवत. त्या भावंडांचं कधीही भांडण झालं नाही. घर मात्र गळायला लागलं.

कारण काही मोडलं की पैसे नव्याने गोळा करावे लागत. अक्का पत्र लिहीत. भाऊ तीन ठिकाणचे दर मागवायला सांगत. श्रीधर म्हणे, भाऊ म्हणेल तसं. तीन दर मिळेपर्यंत पावसाळा संपून जाई आणि मग छत गळायचं आपोआप थांबत असे, तेव्हा कोणालाच घाई उरत नसे.

त्या दिवशी पाकिटं देऊन झाल्यावर भाऊंनी घसा साफ केला आणि सांगितलं की उद्या संध्याकाळी कोथळे म्हणून एक बिल्डर येणार आहेत. घर जसं आहे तसं घ्यायला ते तयार होते. भाऊ हे सगळं अगदी सरळपणे सांगत होते. त्यांचं म्हणणं असं की घर दर वर्षी खचतंय, दर वर्षी वर्गणी, दर वर्षी पत्रापत्री. आजवर आपण तीनदा नळांचे पैसे दिले आणि त्यातला एकही नळ आपण पाहिलेला नाही. अक्काने आपल्या हिश्श्यातून एखादा लहानसा फ्लॅट घ्यावा, नाहीतर पुण्याला आमच्याकडे यावं, नाहीतर श्रीधरकडे राहावं. तिची सोय आम्ही दोघं बघू.

"अक्का, तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ठरवाल ते," अक्का म्हणाल्या आणि परात उचलून आत गेल्या.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगता येत नाही, पण त्या परात फळीवर ठेवायला गेल्या आणि फळी कुठे आहे हे विसरल्यासारख्या स्वयंपाकघरात मधोमध उभ्या राहिल्या, ते मी दारातून पाहिलं. बासष्ट वर्षांच्या बाईला दोन भावांच्या घरांत आळीपाळीने राहायला सांगायचं, हे मला काही पटत नव्हतं. त्यांना दवाखान्याच्या रस्त्यावरचा प्रत्येक फळवाला ओळखत होता. रात्रपाळीच्या मुली किल्ल्या त्यांच्याकडे ठेवून जात.

मी फारशी बोलणारी नाही. पण त्या दिवाळीला मी तयारी करूनच गेले होते. जेवणं झाल्यावर मी माझा आलेखाचा कागद काढला. घरातल्या प्रत्येक गोष्टीला आयुष्य असतं, एवढाच माझा मुद्दा होता. गच्चीचं वॉटरप्रूफिंग किती वर्षं टिकतं, पाण्याची मोटर किती, बाहेरचा रंग किती, नळ किती. प्रत्येकाचा आजचा खर्च त्याच्या आयुष्याने भागला की वर्षाला काय बाजूला ठेवावं लागेल ते कळतं. सगळ्यांची बेरीज भाड्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढी येत होती. तेवढं दर वर्षी आधीच काढून ठेवलं तर वर्गणी नको, पत्र नको आणि घर विकायलाही नको. दस्तगीरभाईंचं भाडं सगळ्यांत जास्त होतं, आणि गच्चीचं काम झालं नाही तर खोली सोडतो असं त्यांनी बजावलं होतं, हेही मी सांगितलं. पावसात ते भोपळे या भिंतीकडून त्या भिंतीकडे हलवत असत. मागच्या आषाढात ते अक्कांना म्हणाले होते, "अक्का, एवढं फिरलेत ना हे भोपळे, आता यांच्या सतारी झाल्या तर निरोपाची भैरवी सोडून काही वाजायचं नाही."

भाऊंनी कागद दोनदा वाचला. लेखापरीक्षकाला शोभेल अशा बारकाईने त्यांनी भागाकार तपासले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एकही चूक नाही. पण ते पैसे हातात घेऊन खर्च कोण करणार?"

मग हळूहळू सगळेच नको म्हणायला लागले. भाऊ म्हणाले, मी पुण्यात, मी कसा करू. श्रीधर म्हणाला, मी सामाईक पैशाला हात लावणार नाही, उद्या कोणी बोट दाखवायला नको. अक्का म्हणाल्या, मी तर मुळीच नाही. मी सून, माझा प्रश्नच नव्हता. भाऊंनी तिघांच्या सह्यांचं बँक खातं सुचवलं.

"म्हणजे नळ गळायला लागला की चेक पुण्याला जाणार," श्रीधर म्हणाला, "आणि सही होऊन येईस्तोवर आम्ही खाली बादल्या बदलत बसणार. त्यापेक्षा नळच पुण्याला पाठवू."

मालिनीवहिनी हसल्या, भाऊसुद्धा हसले, आणि माझा कागद घडी होऊन परत माझ्याकडे आला. एवढी सचोटीची माणसं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेली नाहीत, आणि त्या सचोटीपायीच ते घर आता विकलं जाणार होतं.

दुपारी उन्हं कलल्यावर मी अक्कांबरोबर गच्चीवर गेले. वाळत टाकलेल्या पापड्या काढायच्या होत्या. गच्चीला कुठे कुठे तडे गेलेत ते त्यांना पाठ होतं. चालताना त्यांचे पाय तड्यांना टाळून पडत होते, जसे आपण घरात झोपलेल्या मुलांना टाळून चालतो.

मी त्यांना सरळच विचारलं की वर्षभर भाडं तुमच्याकडेच तर असतं, मग त्यातून दुरुस्ती करायला काय हरकत आहे.

"ते मी नुसतं राखते गं," अक्का म्हणाल्या. "राखणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. खर्च करणाऱ्याला विचारतात."

"तुम्हाला कोणी काही विचारलंय?"

त्यांनी दोन-तीन पापड्या उलटसुलट करून पाहिल्या. मग सांगितलं. अण्णा गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी नर्सिंगच्या मुलींच्या न्हाणीतला नळ रात्रंदिवस गळत होता. अक्कांनी वॉशर आणून तो बसवून घेतला आणि पाडव्याला तेवढे पैसे वजा करून पाकिटं दिली. भाऊंनी पाकीट खिशात टाकता टाकता विचारलं, पावती आहे का?

"दत्ताच्या मनात काही नव्हतं," त्या म्हणाल्या. भाऊंना दत्ता म्हणणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. "त्याच्या तोंडात ते वाक्यच बसलंय. पण हेमलता, मी वॉशर आणायला गेले होते. पावती आणायला नव्हते गेले."

त्यानंतर त्यांनी सामाईक पैशातला एक रुपयाही स्वतःहून कधी खर्च केला नव्हता. लहानसहान गोष्टी त्या स्वतःच्या हिश्श्यातून करत. मोठ्या गोष्टी पत्राने कळवत आणि गळू देत. घर विकायला निघालं तरी त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, कारण घरात राहणारी मीच, तेव्हा मी बोलले तर ते माझ्या सोयीचं बोलणं होईल, असं त्यांना वाटत होतं.

माझ्या कागदावर गच्चीला आयुष्य दिलेलं होतं, मोटरीला होतं, रंगाला होतं. ही गोष्ट तिथे कुठल्या रकान्यात घालायची ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी मी आणि मालिनीवहिनी बासुंदीचं दूध आटवत होतो. त्या उभ्या राहून ढवळत होत्या आणि भाऊंबद्दल तक्रार करत होत्या. हे त्यांचं आवडतं काम होतं, आणि ढवळण्याशी त्याची लयही छान जमे. भाजीच्या पिशवीतल्या मिरच्यांचा हिशेब मागतात, म्हणाल्या. माहेरी जाऊन आले तर रिक्षाचे किती झाले ते विचारतात. पोरांना खाऊला पैसे दिले तर उरलेली मोड परत मागतात.

"आणि गंमत सांगू? दर भाऊबीजेला अक्कांच्या ताटात चांगली घसघशीत ओवाळणी घालतात. एकदा मी म्हटलं, अक्कांनी मागच्या ओवाळणीचं काय केलं ते तरी विचारा, लुगडं घेतलं का काही केलं. तर माझ्यावरच डोळे वटारले. बहिणीला ओवाळणीचा हिशेब विचारतात का, म्हणे. जगात एवढ्या एकाच पैशाचा हिशेब हा माणूस मागत नाही."

मी गॅस बारीक केला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वहिनी, जो पैसा भावाला द्यावाच लागतो, बहिणीला नाकारता येत नाही, आणि दिल्यावर कोणी त्याचं काय झालं म्हणून विचारत नाही, असा पैसा या घरात आहे.

मालिनीवहिनी ढवळायच्या थांबल्या. त्या हुशार होत्या, त्यांना दुसरं वाक्य लागलं नाही. उलट मलाच शंका यायला लागल्या. हिशेबच ठेवायचा नाही म्हणजे कुठल्या वर्षी काय झालं ते कसं कळणार, मोटरीचे पैसे रंगाला गेले तर काय करायचं, आणि माझे ते सगळे भागाकार.

"हेमलता," त्या म्हणाल्या, "तुला गच्ची हवीय की तक्ता?"

मी थोडा विचार केला आणि गच्ची म्हटलं.

भाऊंना त्यांनी स्वयंपाकघरातच बोलावून घेतलं आणि वेलदोडे सोलायला बसवलं. हातात काम असलं की ते कमी वाद घालतात, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता. गच्चीवर ऐकलेलं मी त्यांना सांगितलं नाही. ती गोष्ट अक्कांची होती. मी एवढंच म्हटलं की दुरुस्तीसाठी भाड्याचा सहावा हिस्सा बाजूला काढण्याऐवजी तो दर वर्षी भाऊबीजेला अक्कांच्या ताटात घालायचा, आणि विसरून जायचं.

भाऊ म्हणाले, हे तर लेखाशीर्ष बदलून खर्च दाखवणं झालं.

"ओवाळणीचं ऑडिट झालेलं तुम्ही कधी पाहिलंय?" मालिनीवहिनींनी विचारलं.

त्यांनी खरोखरच आठवून पाहिलं. सोललेला वेलदोडा हातात तसाच राहिला होता.

"नाही," ते म्हणाले. "तशी तरतूद नाही."

पण कबूलही झाले नाहीत. कोथळ्यांना शब्द दिलाय, संध्याकाळी ते येतील, एकदाच काय ते निस्तरून टाकलेलं बरं, असं पुटपुटत ते उठून गेले. श्रीधरला सांगितलं तर तो नेहमीसारखा म्हणाला, भाऊ म्हणेल तसं. अक्कांना मी ताटात कुंकू-अक्षता मांडायला मदत करत असताना सांगितलं. आज ताटात पडेल ती ओवाळणी आहे, तिचा हिशेब कोणी मागणार नाही, आणि तिच्यातून काय करायचं ते तुम्हीच ठरवायचं. अक्कांनी निरांजनातली वात पुढे सरकवली आणि सुपारी जागेवर ठेवली. त्यांना माझं म्हणणं कळलं की नाही, हेसुद्धा मला कळलं नाही.

मधल्या खोलीत पाट मांडले होते. आधी भाऊ बसले, डोक्यावर टोपी घालून. अक्कांनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. भाऊंनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. तिथे हात बराच वेळ राहिला. मग कालचंच पाडव्याचं पाकीट बाहेर आलं. त्यातून त्यांनी नोटांचा एक भाग काढला आणि ताटात ठेवला. नेहमीच्या ओवाळणीच्या कितीतरी पट होता तो. मालिनीवहिनींनी मला कोपराने ढोसलं.

रीत अशी की बहिणीने ताट तसंच देवापुढे नेऊन ठेवायचं. अक्कांनी ताट खाली ठेवलं, नोटा उचलल्या, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत, अंगठा जिभेला लावून मोजल्या.

"दत्ता," त्या म्हणाल्या, "यात अर्धी गच्ची होते."

भाऊ पाटावरून वर बघत राहिले. उभ्या आयुष्यात बहिणीने त्यांच्याकडे काही मागितल्याचं त्यांना आठवत नसावं.

"उरलेली पुढच्या भाऊबीजेला," ते म्हणाले.

"पाऊस काय अर्ध्याच गच्चीवर पडणार आहे?"

"अक्का, श्रीधर पण घालणारच आहे की."

"त्याचे आणि माझे धरूनच सांगतेय. तिसरा हिस्सा माझा आहे, मी काही फुकट राहत नाही. तरी अर्धीच होते. गच्चीचा कठडा धरलेला नाही, मोटर धरलेली नाही. टाळायचं होतं तर टोपी घालून पाटावर बसायचं नव्हतं."

श्रीधरला हसू आवरेना. भाऊंनी मालिनीवहिनींकडे पाहिलं, मालिनीवहिनींनी छताकडे पाहिलं. शेवटी भाऊंनी उरलेलं पाकीट बाहेर काढलं आणि अख्खं ताटात ठेवलं. ठेवता ठेवता त्यांचं तोंड उघडलं. सवयीने एक वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला स्पष्ट दिसलं, आणि बहुधा अक्कांनाही दिसलं असावं, कारण त्या हातात नोटा घेऊन वाट बघत उभ्या होत्या. भाऊंनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडून म्हणाले, "लाडू कुठाय माझा?"

अक्कांनी लाडू त्यांच्या हातात न देता थेट तोंडात घातला, लहानपणी घालत असतील तसा.

श्रीधर पाटावर बसला तेव्हा त्याने काही बोलायच्या आधीच स्वतःचं पाकीट काढून मांडीवर ठेवलं होतं. तरी त्याला दोनदा विचारलं गेलं, एवढंच का, म्हणून. मग त्याने विचारलं की संध्याकाळी त्या कोथळ्यांना आता काय सांगायचं.

"मला काय विचारतोस," भाऊ भरल्या तोंडाने म्हणाले. "गच्ची अक्काची आहे."

कोथळे ठरल्याप्रमाणे संध्याकाळी आले. पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा, बरोबर कागदांची पिशवी. भाऊ खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचायला लागले, जे त्यांनी सकाळीच वाचलेलं होतं. अक्कांनी कोथळ्यांना फराळाची बशी दिली, चकली मोडून बघा कशी झालीय म्हणाल्या, त्यांच्या आईची तब्येत विचारली. मग शांतपणे सांगितलं की घर विकायचं नाही असं ठरलंय, पण तुम्ही आलाच आहात तर एक विचारायचं होतं. गच्चीला नव्याने कोबा घालून घ्यायचा तर तुमच्या माणसांचा फुटाला काय दर?

कोथळे क्षणभर चकलीसकट थांबले. त्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"बघायला लागेल वर जाऊन," कोथळे शेवटी म्हणाले.

अक्कांनी कंदील घेतला आणि पुढे झाल्या. वरून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं, त्यातलं बहुतेक अक्कांचं. कोथळे नाण्याने ठिकठिकाणी फरशी वाजवून बघत होते, आणि दस्तगीरभाई दारात उभे राहून, इथे पोकळ वाजतंय, इथे भरीव, असं कान देऊन सांगत होते. दर खाली यायला दोन वेळा चहा लागला. घर विकत घ्यायला आलेला माणूस गच्चीचं माप घेऊन परत गेला.